खिडकीकडे तोंड करून उभ्या राहणाऱ्या बाई

फुकट शिकवणाऱ्या माणसावर माझा विश्वास बसत नाही. एकतीस वर्षं मी नाक्यावर तपासनीस होतो. येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या पेट्या, बोचकी, पिशव्या उघडून बघायच्या, हे माझं काम. जो हसत हसत "बघा ना साहेब, काही नाही त्यात" म्हणायचा, त्याची पेटी मी आधी रिकामी करायला लावायचो. त्यामुळे वाचनालयाच्या फळ्यावर "साठीपुढच्यांसाठी मोबाइल व कॉम्प्युटर वर्ग, विनामूल्य" अशी सूचना लागली, तेव्हा यात कुठेतरी पाणी मुरतंय हे मी आमच्या हिला त्याच दिवशी सांगून ठेवलं.

आणि शिकवणार कोण, तर ऑपरेटरबाई. त्यांना नावाने कुणी ओळखत नाही. जुन्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये त्या अठ्ठावीस वर्षं कानाला यंत्र लावून बसायच्या. तेव्हा कुणालाही बाहेर फोन लावायचा तर आधी बाईंना सांगावं लागे, मग त्या वायर जोडून देत. आमच्या वयाच्या प्रत्येक माणसाने कधी ना कधी आपलं जन्म-मरण, भांडण, सोयरीक बाईंच्या कानावरून पलीकडे पोचवलेली आहे. आता याच बाई आमचे मोबाइल उघडायला शिकवणार म्हटल्यावर मी कान टवकारणारच.

वाचनालयाच्या मागची खोली मिळाली होती. पूर्वी तिथे बांधणीला द्यायची फाटकी पुस्तकं ठेवत. कुठलीशी कंपनी बंद पडली तिचे तीन कॉम्प्युटर दान आले होते. ते इतके जुने होते की एकदा बंद केले तर पुन्हा सुरू होतील याची खात्री नव्हती, म्हणून वाचनालयाच्या सेक्रेटरींनी ते रात्रंदिवस चालूच ठेवायला सांगितले होते. सोमवार-गुरुवार एक तुकडी, मंगळवार-शुक्रवार आमची. आमच्या तुकडीत सातजण. एक शिंपी, एक निवृत्त नर्स, दोघी बहिणी ज्या एकच मोबाइल वापरत आणि त्यावरून भांडत, एक पेंटर, एक कायम झोपलेले मास्तर, आणि मी.

मी तिथे खरं तर हिच्यामुळे गेलो. आमचा मुलगा चार वर्षांपूर्वी घर सोडून गेला, बायकोला घेऊन. फोन उचलत नाही. माझ्या बहिणीकडून कळलं की तो मेल मात्र रोज बघतो. "मग तुम्ही मेल शिका," ही म्हणाली. मी म्हटलं, "त्याने आधी लिहावं." दुसऱ्या दिवशी हिने माझा चष्मा पुसून दारातल्या टेबलावर ठेवलेला होता.

तो का गेला, तेही सांगून टाकतो. हिची अंगठी सापडत नव्हती. सून माहेरी निघाली होती, पिशवी भरून दारात उभी होती. मी तिच्या हातातून ती पिशवी घेतली आणि जमिनीवर उलटी केली. सवयीने केलं, असं मी नंतर हिला सांगितलं. अंगठी सहा दिवसांनी रजईच्या खोळीत सापडली. तोवर दोघं गेली होती, आणि अंगठी सापडल्याचं मी त्यांना कळवलं नाही.

बाईंची शिकवायची पद्धत अजब होती. त्या आमच्या मोबाइलला किंवा माउसला कधी हात लावत नसत. हात मागे बांधून उभ्या राहायच्या. शिंपी तर पहिल्या दिवशी वैतागला.

"बाई, एकदा तुम्हीच दाबून द्या ना, जीव गेला माझा."

"मी दाबलं तर माझं बोट शिकेल," त्या म्हणाल्या. "माझं शिकलंय. तुम्ही दाबा."

हा वर्ग काढायचं कारण त्यांनी एकदा नर्सला सांगितलं होतं. बँकेच्या रांगेत एका म्हाताऱ्या बाईने आपला मोबाइल मागच्या अनोळखी माणसाला दिला, जरा बघा हो काय आलंय म्हणून, आणि तो माणूस रांग संपेपर्यंत तिचं सगळं वाचत उभा राहिला. बाईंना ते इतकं लागलं की त्याच आठवड्यात त्या सेक्रेटरींकडे जाऊन खोली मागून आल्या. मी हे ऐकलं आणि मनात म्हटलं, गोष्ट छान जुळवलीय.

मेल शिकवताना त्यांनी प्रत्येक तुकडीत तिघांनाच एकेक कॉम्प्युटर ठरवून दिला, बाकीचे मोबाइलवर शिकत. मला दोन नंबरचा, मधला. माझा पत्ता तयार झाला, पासवर्ड मी कुणाला न दाखवता तळहाताआड टाकला. बाई कॉम्प्युटरच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाल्या, "ही तुमची पेटी. तुम्हाला कुणी पत्र लिहिलं की ते इथे येऊन पडणार. तुमच्याशिवाय कुणी उघडायचं नाही." ही एक गोष्ट मला एकदम पटली.

त्यानंतर मी पत्ता बहिणीमार्फत मुलाला पोचवला आणि वाट बघू लागलो.

बाईंची आणखी एक खोड होती, आणि माझा सगळा संशय तिच्यावरच होता. कुणी मेल वाचायला घेतली की बाई खिडकीकडे तोंड करून उभ्या राहत. वाचून झालं असं आपण सांगेपर्यंत वळायच्या नाहीत. बाकीच्यांना त्याचं फार कौतुक. मला प्रश्न पडला, खिडकीलाच का? भिंत होती, दार होतं. मग लक्षात आलं की खिडकीला काच आहे. काचेत मागचं दिसतं. नाक्यावर असताना मी स्वतः पाठमोरा उभा राहून ट्रकच्या आरशात लोकांचे हात बघायचो.

मी एकदा खडा टाकून पाहिला. म्हटलं, "बाई, अठ्ठावीस वर्षांत काय काय ऐकलं असेल तुम्ही."

"ऐकू यायचं," त्या म्हणाल्या. "दोघं बोलायला लागले की मी लाइनवरून बाजूला व्हायची. तसा नियमच होता."

"नियम सगळेच पाळतात थोडेच?"

"सगळ्यांचं मला काय माहीत," बाई म्हणाल्या, आणि बहिणींच्या भांडणाकडे वळल्या. ताकास तूर लागू दिली नाही.

पहिलं पत्र एका मंगळवारी आलं. मी बसलो, पडद्याखालचं बटण दाबलं, तर पेटी उघडीच. पासवर्डही विचारला नाही. मला वाटलं, मशीन आता आपल्याला ओळखायला लागलं. वर कोपऱ्यात रंगीत गोल होता आणि त्यात एक अक्षर. ते शोभेचं असेल म्हणून मी लक्ष दिलं नाही. पत्र कसल्याशा कंपनीच्या पत्त्यावरून आलेलं होतं. "बाबा, तुमचा पत्ता मिळाला. कसे आहात? गुडघा कसा आहे? अंगणातलं झाड आहे का अजून?"

माझा गुडघा दुखतो. अंगण आम्हाला नाही, आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहतो, पण तो लहान असताना ज्या भाड्याच्या घरात होतो तिथे झाड होतं. त्याला ते आठवतंय, या विचाराने माझ्या डोळ्यांत पाणी आलं. बाई खिडकीकडे तोंड करून उभ्या होत्या. मी चोरून डोळे पुसले आणि काचेकडे बघितलं, त्यांनी पाहिलं की काय म्हणून.

एका बोटाने उत्तर टाइप केलं: गुडघा बरा आहे, झाडाचं कळवतो. शुक्रवारी पुन्हा पत्र. मुलगी तिसरीत गेली म्हणे. आम्हाला नात झाल्याचं कळलं होतं, तिसरीत जाण्याएवढी ती कशी झाली असेल याचा हिशेब मी केला नाही. पेटीत जरा काही कमी-जास्त दिसलं की पोलिसाला हाक मारणारा मी, इथे मिळेल ते गिळत गेलो. मला ते पत्र हवं होतं.

घरी येऊन हिला सगळं जसंच्या तसं सांगायचो. ती ऐकायची. तिसऱ्या पत्रानंतर म्हणाली, "माझं काही लिहिलंय?"

"नाही," मी म्हटलं. "घाईत लिहीत असेल."

"तिन्ही वेळा घाईत?"

तिने त्यानंतर विचारलं नाही, पण मी वर्गातून आलो की माझ्या तोंडाकडे बघायची आणि कामाला लागायची. ती आतून किती दुखावली होती ते मला दिसत होतं.

मग मी ते पत्र लिहिलं. चार वर्ग लागले. "त्या दिवशी मी तुम्हा दोघांशी जे वागलो ते चुकीचं होतं. मला ते लवकरच कळलं होतं, पण तोंड उघडलं नाही. घर माझं म्हणून मीच खरा, असं मी आयुष्यभर धरून चाललो. तुम्ही गेलात ते बरोबर केलंत." चौथ्या दिवशी पाठवायचं बटण दाबलं. बाईंना म्हटलं, "झालं." त्या वळल्या, माझ्याकडे बघून म्हणाल्या, "पाणी आणू का?"

उत्तर आलं. "बाबा, तुमचं पत्र तीनदा वाचलं. तिलाही वाचून दाखवलं. तुम्ही असं लिहाल असं कधी वाटलं नव्हतं. सुट्टीत आम्ही तिघं येतोय." हिला सांगितलं, तर ती आधी खुर्चीत बसली आणि मग उठून मागची खोली आवरायला गेली. पलंगाखालचे जुने खोके दोन दिवस काढत होती.

पुढच्या आठवड्यात सेक्रेटरींनी दोन्ही तुकड्यांना एकत्र बोलावलं. सोमवारच्या तुकडीतले वखारवाले, लाकडाची वखार होती त्यांची, मोतीबिंदूचं ऑपरेशन करून महिन्याभराने वर्गात आले होते. आले ते तणतणतच. त्यांची पत्रं कुणीतरी आधीच उघडून वाचली होती. नुसती वाचलीच नव्हती, तर त्यांच्या नावाने उत्तरंही लिहिली होती. एका उत्तराची छापील प्रत त्यांनी घडी करून खिशात आणली होती.

"या खोलीत पेट्या कुणी बनवल्या?" ते म्हणाले. "पासवर्ड टाकताना उभं कोण होतं? जन्मभर दुसऱ्यांच्या लाइनवर बसलेली बाई, तिला सवय सुटणार आहे का? घरं सांधायला निघालीय."

सेक्रेटरींनी कपाळ पुसलं. "तक्रार लेखी आली आहे. खरं असेल तर वर्ग आजपासून बंद करावा लागेल. बाई, तुम्हाला काय म्हणायचंय?"

"मी कुणाचं काही उघडलेलं नाही," बाई म्हणाल्या. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. "याच्यापुढे मला काही म्हणता येत नाही. न केलेलं दाखवणार कसं?"

तेव्हा उठलं कोण, तर मी. मी मुद्देसूद सांगितलं. बाई खिडकीपाशीच का उभ्या राहतात, काचेत काय दिसतं, आरशाची युक्ती मला नोकरीमुळे कशी माहीत आहे. बोलताना मला आपला अभिमान वाटत होता. नर्सने माझ्याकडे बघितलं ते अजून विसरलेलो नाही.

सेक्रेटरी उठून खिडकीपाशी गेले, बाईंच्या जागी उभे राहिले. बराच वेळ पाहून म्हणाले, "मला समोरच्या इमारतीचा पाइप दिसतोय."

"संध्याकाळी दिसत असेल," मी म्हटलं.

"वर्ग अकराला असतो," पेंटर म्हणाला. दोघी बहिणी पहिल्यांदाच एकाच वेळी हसल्या.

वखारवाल्यांना हे विषयांतर सहन होईना. त्यांनी कागद उलगडला. "काच राहू दे. हे ऐका. मी माझ्या पोराला हे लिहिलंय म्हणे. मी! आयुष्यात कुणापुढे मान वाकवली नाही." आणि ते मोठ्याने वाचू लागले. "त्या दिवशी मी तुम्हा दोघांशी जे वागलो ते चुकीचं होतं."

पुढचं वाक्य त्यांनी वाचायच्या आधी मला माहीत होतं.

ते वाचत गेले आणि मी एकेक शब्द ओळखत गेलो. 'आयुष्यभर' या शब्दासाठी मी एक अख्खी सकाळ घालवली होती. मला पहिल्यांदा वाटलं, यांनी माझं पत्र चोरलं. मग अंगण आठवलं. तिसरीतली मुलगी आठवली. आमची नात तीन वर्षांची सुद्धा नव्हती. मग सगळंच एकामागोमाग एक आठवलं.

गप्प बसलो असतो तर कुणाला कळलं नसतं. हे मी लपवून ठेवत नाही, गप्प बसायचा विचार माझ्या मनात आला, आणि चांगला मिनिटभर टिकला. सेक्रेटरींनी वहीत काहीतरी लिहायला घेतलं. बाईंनी आपली पर्स उचलली, चष्म्याचं घर आत टाकलं. त्या कुणाकडे बघत नव्हत्या.

"ते पत्र मी लिहिलंय," मी म्हणालो.

कुणाला नीट ऐकू गेलं नाही, पुन्हा म्हणावं लागलं.

वखारवाले माझ्याकडे बघत राहिले. "माझ्या पोराला? तुमचा काय संबंध?"

"मला वाटलं तो माझा आहे."

गुंता सोडवायला अर्धा तास गेला. वखारवाले दोन नंबरलाच बसत. उठताना ते पडद्याखालचं बटण दाबून जात आणि कॉम्प्युटर बंद झाला असं समजत. बंद होत होता फक्त पडदा. त्यांची पेटी आत उघडीच राहायची. मंगळवारी येऊन मी तेच बटण दाबायचो. माझ्या डोक्यात पक्कं होतं, की माझी पेटी या डब्यात आहे, डबा माझा, तर आतलं सगळं माझं.

"चूक माझी आहे," बाई म्हणाल्या. "डब्यावर हात ठेवून ही तुमची पेटी असं मीच सांगितलं. आणि कुणाचा पडदा एकदाही बघितला नाही. बघितला असता तर पहिल्याच दिवशी कळलं असतं."

मला त्यांनी रागवायला हवं होतं. दोन शब्द बोलायला हवे होते. मीच त्यांची माफी तिथे सगळ्यांसमोर मागितली, अडखळत, वाईट शब्दांत. त्यांनी मान हलवली. माफ केलं की नुसतं ऐकलं, ते कळलं नाही.

सगळे पांगल्यावरही वखारवाले बसून होते. कागद मांडीवर. "ती सुट्टीत येणार आहेत," ते म्हणाले. "सहा वर्षांनी. आता मी त्यांना काय सांगू? की ते मी लिहिलं नव्हतं?"

मी शेजारच्या खुर्चीत बसलो.

"तुमचं कशावरून झालं होतं?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं. ते स्वतःचं बोलले नाहीत. त्यांनी कागद पुन्हा घडी करून खिशात घातला. "हा राहू दे माझ्याकडे," म्हणाले, आणि भिंतीला धरून उठले.

मग बाईंनी मला दोन नंबरला बसवलं. वखारवाल्यांच्या पेटीतून बाहेर कसं पडायचं ते सांगितलं, माझा पत्ता आणि पासवर्ड टाकायला सांगितला, आणि सवयीप्रमाणे खिडकीकडे वळल्या.

"बाई," मी म्हटलं, "बघा ना तुम्ही. मला एकट्याला नको."

त्या येऊन माझ्या खांद्यामागे उभ्या राहिल्या. पेटी उघडली. आत काहीच नव्हतं. एकही नाही.

"पत्ता त्याला मिळाला आहे ना?" बाईंनी विचारलं.

"मिळालाय. बहिणीने दोनदा सांगितलंय."

"हं," त्या म्हणाल्या, आणि पर्स खाली ठेवून माझ्या शेजारी बसल्या.

घरी आलो तर मागच्या खोलीत नवी चादर घातलेली होती. ही उशीला अभ्रा चढवत होती. मी दारातच उभा राहून सगळं सांगितलं. ते आपल्याकडे येणार नाहीत, ती पत्रं आपली नव्हतीच, हेही सांगितलं. मला वाटलं ही रडेल. ती अभ्रा हातात धरून पलंगावर बसली.

"म्हणजे माझं नाव न काढणारा तो आपला नव्हता," ती म्हणाली.

"नव्हता."

तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी कित्येक आठवड्यांत बघितलं नव्हतं. माझं सगळं गेलं होतं त्या दिवशी, आणि तिला तिचा मुलगा परत मिळाला होता. मला तिचा हेवा वाटला, आणि रागही आला.

मग तिने विचारलं, "ते माफीचं पत्र. त्यात अंगठीचं लिहिलं होतं?"

"नाही."

"पिशवीचं?"

"नाही. तसं स्पष्ट कशाला लिहायचं, त्याला कळणारच ना."

"म्हणूनच ते दुसऱ्याच्या घरीही चालून गेलं," ती म्हणाली. तिने उशी जागेवर ठेवली, चादरीची सुरकुती हाताने काढली. "शुक्रवारी जाल तेव्हा पुन्हा लिहा. पण त्याला नका लिहू. तिला लिहा. पिशवी तिची होती."